एकोणिसावं पिंप

स्वीडनमधल्या बर्गस्लागेन भागातल्या एका कारखान्यात टोरबोर्ग बावीस वर्षं भट्टी सांभाळत होती. खाणीत खडक फोडणाऱ्या गिरमिटांची टोकं तिथं बनत. टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट स्पिरिटमध्ये घालून बारीक दळायचं, ती भुकटी वाळवणी यंत्रात वाळवून पिंपांत भरायची, मग साच्यात दाबायची आणि ते खडूसारखे तुकडे चौदाशे अंशांवर भाजायचे. कोबाल्ट वितळून कणांना घट्ट धरतो, तुकडा आकसतो आणि पोलादावर ओरखडा काढील इतका टणक होऊन बाहेर येतो.

मार्चमध्ये उत्तरेतल्या खाणीतून एक पेटी परत आली. टोकं पहिल्याच दिवशी फुटली होती. एक कपची कामगाराच्या गालात घुसली होती. डोळा थोडक्यात वाचला.

"तुझ्या भट्टीत हवा शिरली असणार," इंजिनियर स्टेलान म्हणाला.

"मग शेजारच्या थाळीतला मालही बिघडला असता. तो कसा ठणठणीत?"

"म्हणजे काय, भूतबाधा?"

"भूत असलंच तर भुकटीच्या पिंपात असेल. मला दोन दिवस दे."

टोरबोर्गनं फुटकं टोक घासून चकचकीत केलं, आतले कण उठून दिसावेत म्हणून त्यावर रसायन लावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. आत काळे डाग होते. कार्बन कमी पडला की असे डाग येतात आणि माल ठिसूळ होतो. नोंदीप्रमाणे तो माल एकोणिसाव्या पिंपातला होता, शेजारच्या थाळीतला दुसऱ्या. तळाशी उरलेल्या भुकटीच्या तिनं दोन पट्ट्या केल्या. एक आहे तशी, दुसरीत चिमूटभर काजळी घालून. दोन्ही एकाच थाळीत भाजल्या. पहिली बिस्किटासारखी तुटली. दुसरीला वाकवताना यंत्र कुरकुरलं, तरी ती तुटेना.

म्हणजे भुकटीनं आधीच हवा खाल्ली होती आणि त्या हवेतल्या प्राणवायूनं भट्टीत कार्बन पळवला होता. निवलेली भुकटी हवा खात नाही. वाळवणी गरम असताना उघडली तरच खाते. पिंपावरच्या चिठ्ठीवर वाळवणाऱ्याची सही होती. एवाल्डची. एवाल्ड तिचा नवरा होता.

संध्याकाळी वाटाण्याचं सूप वाढताना तिनं विचारलं, "एकोणिसाव्या पिंपाच्या वेळी वाळवणी किती अंशांवर उघडलीस?"

एवाल्डनं सुपात घालायच्या मोहरीच्या चटणीची ट्यूब खाली ठेवली. "घरीसुद्धा भट्टीच का?"

"किती?"

"नव्वद असेल. बर्फावर बँडीची मॅच होती. सगळे निघाले होते, मी एकटा काय वाळवणीपाशी बसून राहू?"

"त्या माणसाचा डोळा जाणार होता."

"गेला नाही ना!"

तिनं सुपाचं पातेलं झाकून ठेवलं. तोच पुढे म्हणाला, "सांग जाऊन. तुला सगळं बरोबर करायची हौसच आहे."

"उद्या आठ वाजता बैठक आहे. आधी तू बोल. तू नाही बोललास तर मी बोलेन."

सकाळी दोघं एकाच गाडीतून आले. बैठकीत टोरबोर्गनं दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि एवाल्डकडे पाहिलं. स्टेलान काही विचारणार, तेवढ्यात दाराशी उभा असलेला एवाल्ड म्हणाला, "वाळवणी निवायच्या आधी मी उघडली. घाई माझी होती."

त्याला वाळवणीवरून काढून वेष्टनाच्या कामावर पाठवलं. त्या पिंपातली विकली गेलेली सगळी टोकं परत मागवली. उरलेल्या भुकटीत टोरबोर्गनं मोजून काजळी घातली, ती पुन्हा दळून घेतली. तो माल चांगला निघाला.

तीन आठवडे एवाल्ड जेवणाच्या सुट्टीत वेगळ्या टेबलावर बसला. चौथ्या आठवड्यात कोणालाही न सांगता तो रेल्वेनं उत्तरेला गेला आणि दुसऱ्या दिवशी परतला.

"काय म्हणाला तो खाणीतला माणूस?" टोरबोर्गनं ओळखून विचारलं.

"फार काही नाही. कॉफी दिली." बूट काढता काढता एवाल्ड थांबला. "दाढी वाढवतोय. व्रण झाकायला."

तिनं त्याच्यासाठी बटाटे गरम करायला ठेवले.