झुरळाचा कौल

रविवारी सकाळी आठपासून घाटकोपरच्या डोंगरावर, कौलबाबाच्या पत्र्याच्या शेडपुढे चपलांचा ढीग पडायचा. गिरणीतून सुटलेले कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बायका आणि खालच्या सोसायटीतले इस्त्रीचे शर्ट घातलेले साहेबसुद्धा नारळ घेऊन उन्हात ताटकळायचे. आत काळ्या कापडानं झाकलेली लाकडी पेटी, तिला हात जाईल एवढं भोक. आणि पेटीत झुरळं. बोटभर लांब, तांबूस, मिशा हलवणारी.

"हसू नका!" बाबा गरजायचा. "माणूस खोटं बोलतो, वकील तर पैसे घेऊन खोटं बोलतो. झुरळ बोलतच नाही, मग खोटं कुठून बोलणार? रामाच्या आधी हे होतं, आपल्यानंतरही राहणार. आईच्या दरबारातला सगळ्यात जुना नोकर! निष्पापाला शिवणार नाही, पाप्याला सोडणार नाही!"

आणि लोक माना डोलवायचे. हसण्यासारखंच होतं ते. पण १९८४च्या मे महिन्यात सहदेव पाताडे त्या रांगेत उभा होता, तेव्हा त्याला हसू येणं शक्य नव्हतं. त्याची आठ महिन्यांची शकु जाऊन पंधरा दिवस झाले होते.

पोरीला जुलाब लागले होते. पहिल्याच दिवशी त्याची बायको वनमाला म्हणाली होती, "अहो, दवाखान्यात नेऊया." सहदेवची आई, शांताबाई, म्हणाली, "आधी बाबाचा अंगारा लावू." सहदेवनं आईचं ऐकलं. बाबानं अंगारा दिला आणि पोरीचं पाणी तोडायला सांगितलं. वनमाला नवऱ्याच्या पाया पडली. तिसऱ्या दिवशी शकुची टाळू खोल गेली, तेव्हा वनमाला कुणालाही न विचारता तिला उचलून दवाखान्याकडे धावत सुटली. उशीर झाला होता.

अंगारा फुकट का गेला, याचं उत्तर देणं बाबाला भाग होतं. "घरातल्याच कुणाचं तरी पाप आडवं आलं," तो म्हणाला. "कौल लावू."

आधी शांताबाई. शिष्यानं तिच्या हातावर तांब्यातलं तीर्थ ओतलं, हात पेटीत गेला, मंत्र झाले, हात जसाच्या तसा बाहेर आला. मग सहदेव. त्याला झुरळाची मिशीसुद्धा लागली नाही. मग वनमाला.

ती मागे सरली. "मला नको. मी काय केलंय?"

"केलं नसशील तर घाबरतेस कशाला?" बाबा म्हणाला. "नवऱ्यानं हात धरावा. हलता कामा नये."

सहदेवनं तिचं मनगट धरलं. घट्ट. या वेळी मंत्र लांबतच गेले. वनमाला किंचाळली. हात बाहेर आला तेव्हा नखाजवळची कातडी कुरतडलेली होती आणि तिथं रक्ताचा टिपूस होता.

"आई गं!" अख्खी गर्दी एका आवाजात म्हणाली.

त्याच आठवड्यात वनमालेला एसटीत बसवून देवगडकडच्या माहेरी पाठवलं. दारात ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला तरी खरं वाटतं का?" सहदेव खाली मान घालून पिशवीची गाठ बांधत राहिला.

संपात गिरणी गेल्यापासून तो मिळेल ते काम करत होता. जुलैत त्याला मुलुंडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून नोकरी लागली. जीवशास्त्राच्या सुहासिनीबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला एक काचेची टाकी दाखवली. आत झुरळं.

"मुलांना शिकवायला पाळलीत. रोज पावाचा चुरा घालायचा, कापूस ओला ठेवायचा."

सहदेव भिंतीला टेकला. "बाई, दुसरं काहीही सांगा. मला चावतील."

"कोण म्हणालं?" बाईंनी टाकीत हात घातला आणि एक झुरळ अलगद तळव्यावर घेतलं. ते मनगटावरून कोपरापर्यंत चालत गेलं. "अकरा वर्षं हाताळतेय. एकदाही चावलं नाही. पायांचे काटे टोचतात, तेवढंच. त्यालाच आपली भीती वाटते हो."

"पाप्याला चावतात," सहदेव म्हणाला, आणि त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तिघांच्या हातावर तीर्थ एकाच तांब्यातलं ओतलं?"

सहदेव आठवू लागला. नाही. आईच्या आणि त्याच्या तीर्थाला कापराचा वास होता; वनमालेच्या वेळी शिष्यानं आतून दुसरा तांब्या आणला होता. परतताना ती म्हणाली होती, बोटं चिकट झालीत.

बाईंनी काही झुरळं वेगळी काढून आठवडाभर उपाशी ठेवली. त्या नको म्हणत असताना सहदेवनं स्वतःचाच हात पुढे केला. आधी कापराचं पाणी लावून. झुरळं पळून कोपऱ्यात दाटली. मग हात धुऊन गुळाचं पाणी लावलं, टाकीवर काळं कापड टाकलं. पंधरा-वीस मिनिटांनी नखाजवळ बारीकसं कुरतडल्यासारखं झालं. मुंगी चावावी एवढं.

"गूळ खाताना कातडीही कुरतडतात," बाई म्हणाल्या. "भूक असते त्यांना. पापपुण्य कुठलं?"

"एवढंच होतं, बाई?" सहदेव स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला.

पुढच्या रविवारी दोघं दरबारात गेले. एका बाईच्या कौलासाठी शिष्य आतून दुसरा तांब्या घेऊन आला, तसा सहदेवनं तो हिसकावला आणि सगळ्यांदेखत घोट घेतला. "गूळ आहे यात! चाखा!" तांब्या हातोहात फिरला. सुहासिनीबाई बाबाला म्हणाल्या, "हेच पाणी लावून तुम्ही हात घाला. तुम्ही तर निष्पाप."

"देवी कोपेल!" बाबा ओरडला, पण हात त्यानं पाठीमागे नेला. ते सगळ्यांनी पाहिलं.

बाईंनी कापूर, गूळ, उपास, सगळं उलगडून सांगितलं. "पण माझ्या बायकोलाच का?" सहदेवनं शिष्याची गचांडी धरली. शिष्य पुटपुटला, "तुझी म्हातारीच सांगून गेली होती, सून पांढऱ्या पायाची म्हणून." गर्दीत उभी असलेली शांताबाई मटकन खाली बसली.

दुसऱ्याच दिवशी सहदेव देवगडकडे निघाला. वनमाला पडवीत तांदूळ पाखडत होती. त्यानं सगळं सांगितलं, हातावरची खूण दाखवली. "तुझा काही दोष नव्हता. बाईंनी सिद्ध करून दाखवलं. चल घरी."

ती पाखडतच राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "मला ठाऊक होतं ते. बाईंनी सांगितलं तेव्हा तुम्हाला पटलं. शकुला दवाखान्यात न्या म्हणून मी पाया पडत होते, तेव्हा माझं का नाही पटलं?"

तिनं त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं. पण ती परत आली नाही.

बाबा रातोरात पळाला. सहदेव मात्र अजून रविवारी डोंगरावर जातो आणि कुणी ऐको न ऐको, सांगत राहतो: "पोराला जुलाब झाले तर पाणी तोडू नका. मीठ-साखरेचं पाणी पाजा, लगेच दवाखाना गाठा. कुणी चमत्कार दाखवला तर कसा केला ते विचारा. विचारलं म्हणून कुठलाही देव रागावत नाही. आणि कुणी तुम्हाला म्हणालं, हिचा हात घट्ट धर, तर धरू नका रे. मी धरला होता."