जीभ काढलेली घंटी

मित्रांनो, मी मेंढीच्या गळ्यातली एक जुनी घंटी आहे. देवळातल्या घंटेचा थाट मला नाही आणि शाळेच्या घंटेचा धाकही नाही. पण एके काळी माझ्या आवाजावर अख्खा कळप चालायचा, हे विसरू नका. घंटीच्या आत जो लोळा लोंबतो ना, तीच आमची जीभ. माझी जीभ काढून टाकलेली आहे. का काढली, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

हिंगोलीच्या एका ओताऱ्यानं मला काशात ओतलं. नरसीच्या अलीकडे, कयाधू नदीच्या काठच्या वस्तीवर नामाजी नावाचा मेंढपाळ राहतो. त्यानं बाजारातल्या सगळ्या घंट्या कानाशी धरून वाजवल्या, ओताऱ्याला पार जेरीस आणलं आणि शेवटी मला उचललं. म्हणाला, "हिचा आवाज बराबर हाय. लांबून बी वळखू येते." झालं! तेव्हा मी जी फुगले, ती कितीतरी वर्षं फुगलेलीच राहिले.

त्यानं मला भोरीच्या गळ्यात बांधलं. भोरी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी तांबूस मेंढी. चाल अगदी सावकाश, पाटलीणबाईसारखी. नामाजी बाभळीखाली डोळे मिटून बसायचा आणि सगळा कळप कानानं राखायचा. मी संथ वाजले की चरणं चालू आहे, घाईनं वाजले की कुत्रं आलं, आणि गप्प झाले की उठून बघायचं. त्याच्या घरात सगळ्यांची हीच सवय. फक्त त्याची बायको सिंधूबाई वेगळी. तिला तरुणपणापासून कमी ऐकू यायचं, म्हणून ती सारखी मान वर करून डोळ्यांनी मेंढरं बघत बसायची. घरातले तिला हसायचे. "म्हातारी आभाळातल्या घारीवर बी नजर ठेवती," असं म्हणायचे.

मग ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास कयाधूला पूर आला. पाणी उतरतं आहे असं समजून नामाजीनं कळप नदीत घातला आणि भोरी मधल्या धारेत गेली. मी जीव तोडून वाजले हो! पण मग पाणी माझ्या तोंडात शिरलं. पुढं भोरी सापडली ती खूप खाली, बाभळीच्या झुडपात अडकलेली. नामाजीनं माझा पट्टा कापला आणि माझ्या पोटातला गाळ बोटानं काढला. तो रडत होता, आणि मलाही वाईट वाटत होतं.

सिंधूबाई तेव्हाच म्हणाली, "पान्यात गेलेल्या जनावराची घंटी पुना जनावराला बांधू न्हाई. आपल्यात चालत न्हाई ते. देवाला वाहून टाका."

"टाकतो की," नामाजी म्हणाला. पण माझा आवाज त्याला फार आवडायचा. त्यानं मला कोनाड्यात ठेवलं, आणि मी तिथं वर्षानुवर्षं धूळ खात पडले. कुणी हुंगूनही पाहिलं नाही.

नामाजीच्या मुलाचं नाव शिवहार, सुनेचं आशा. त्यांना राधिका झाली. पोरगी चालायला लागली आणि घरात कहर झाला. आत्ता दारात, तर आत्ता बांधावर! एके दिवशी नामाजीनं मला कोनाड्यातून काढलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि राधिकाच्या करदोड्यात ओवलं.

सिंधूबाई धावत आली. "अवो, ती घंटी? नक्को म्हन्लं होतं ना मी?"

"जनावराला नको म्हन्ली होतीस," नामाजी तिच्या कानाशी ओरडून म्हणाला. "लेकरू काय जनावर हाय का?"

यावर सगळे हसले. सिंधूबाई हसली नाही.

माझे मात्र पुन्हा चांगले दिवस आले. घरातली मंडळी कुठंही निघाली की मी राधिकाच्या कमरेला. औंढ्याच्या शिवरातीच्या जत्रेत तर ती गर्दीत हरवलीच होती. माझ्या आवाजावरून शिवहारनं तिला पाळण्यामागून शोधून काढलं. आशानं मला डोळ्यांना लावलं. त्यानंतर पोरगी कुठं आहे हे कुणी बघेनाच. कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "हाय, हाय, इथंच हाय."

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. कयाधूच्या पुलावर यष्टी थांबली की माझी जीभ आपोआप थरथरायची. राधिका आईच्या मांडीवर गाढ झोपलेली असायची, आणि तरी खालून, पाण्याच्या बाजूनं, कुणीतरी बारीक वाजत असायचं. ते मी नव्हते.

राधिका चार वर्षांची झाली. घरी भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावर समुद्राचं चित्र. ती रोज विचारायची, "आबा, एवढं पानी कोनाच्या वावरातलं?" नामाजीनं तरी कुठं समुद्र पाहिला होता! शेवटी दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर शिवहारनं ठरवलं, की दोन दिवस का होईना, लेकराला समुद्र दाखवायचाच. सेनगावकडच्या तांड्यावरचा प्रेमसिंग त्याचा दोस्त. त्याच्या जीपमध्ये भाकरी, ठेचा, घोंगडी आणि घरची सगळी माणसं अशी वरात निघाली. एक दिवस आणि एक रात्र जीप चालत राहिली.

कोकणातल्या एका लहानशा गावाचा तो किनारा होता. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा पाणी लांब गेलेलं होतं आणि पुढं नुसती ओली वाळू. काय आनंद झाला सगळ्यांना! सिंधूबाईनं समुद्राला हळदकुंकू वाहिलं. राधिकानं बोट बुडवून चाटलं आणि ओरडली, "माय, कोनी मीठ सांडलं गं!" आशा तर हसून हसून खाली बसली. मित्रांनो, त्या घराला मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

प्रेमसिंगला हुक्की आली. त्यानं जीप वाळूवर घातली आणि चाकं रुतली. कुणीतरी सांगितलं की संध्याकाळी पाणी परत येतं. मग काय, शिवहार, प्रेमसिंग आणि आशा जीप ढकलायला लागले. सिंधूबाई चाकाखाली घालायला दगड वेचत होती. शिवहार बापाला म्हणाला, "आबा, पोरीकडं ध्यान ठेवा."

"ठेवतो की," म्हणत नामाजी घोंगडीवर बसला. त्यानं पाठ खडकाला टेकवली आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटले.

राधिका वाळूत खड्डा खणत होती. तिनं मला करदोड्यासकट खाली ओढलं आणि माझ्या तोंडानं ओली वाळू उपसायला लागली. बघता बघता वाळू माझ्या पोटात गच्च बसली. जीभ हलेना. मी गप्प झाले. मला वाटलं, आता नामाजी उठणार. इतक्या वर्षांचा मेंढपाळ तो! पण नामाजी उठला नाही. तो मान डोलवत होता.

कारण घंटी वाजत होती.

माझाच आवाज होता तो. दुसऱ्या कुणाचा असता तर मला कळलं नसतं का? समुद्राकडून येत होता, सावकाश, एका लयीत, पाटलीणबाईच्या चालीनं. भोरी चरत असताना मी जशी वाजायचे, अगदी तसाच.

राधिकानंही मान वर केली. "मेंढी!" ती म्हणाली, आणि उठून पाण्याकडं चालू लागली. पाणी तिच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. ती हसत होती. पाणी माझ्यापर्यंत आलं, त्या पुराच्या गार पाण्यासारखं, आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. मी ओरडणार कशी? माझ्या तोंडात वाळू. आणि जिकडून मी ओरडायला हवं होतं, त्याच्या उलट बाजूनं माझा आवाज तिला बोलावत होता.

जीपपाशी सगळ्यांना तो ऐकू येत होता. आशानं मान न वळवताच म्हटलं, "हाय, इथंच हाय." फक्त सिंधूबाईला काही ऐकू येत नव्हतं. म्हणून तिनं दगड उचलता उचलता मान वर केली आणि डोळ्यांनी बघितलं.

"अगं माय! लेकरू!" असा टाहो फोडून ती पळत सुटली. लुगडं पायात अडकलं, पडली, उठली, पुन्हा पळाली. तिच्यामागं शिवहार. लाट राधिकाच्या डोक्यावरून गेली तेव्हा त्याचा हात तिच्या करदोड्यात, म्हणजे माझ्याच शेजारी, अडकला. त्यानं तिला उपसून काढलं. पोरगी खोकली, ओकली आणि भोकाड पसरून रडली. त्या रडण्यासारखं गोड मी काही ऐकलेलं नाही.

नामाजी घोंगडीवरून उठून धावत आला. "अरे, ती इथंच तर वाजून राहिली होती. माझ्या घोंगडीपाशी."

शिवहारनं मला हातात घेऊन उलटं केलं. वाळूचा ओला गोळा बदकन खाली पडला. "आबा," तो म्हणाला, "ही वाजलीच न्हाई."

सगळ्यांच्या माना समुद्राकडं वळल्या. तेव्हाही पाण्यावरून त्या घंटीचा आवाज येत होता, सावकाश, लांब लांब जात. प्रेमसिंगनं जीपचा दरवाजा घट्ट धरला होता. सिंधूबाई एकेकाचं तोंड बघत म्हणाली, "काय ऐकून राहिले तुमी सगळे?" तिला कुणीच सांगितलं नाही.

तिथंच नामाजीनं माझी जीभ काढली. मला समुद्रात भिरकावणार होता, पण सिंधूबाईनं हात धरला. "तिकडं नका देऊ. वस्तीवर देवापाशी ठेवा, मी तवाच सांगितलं होतं." म्हणून मी आता वस्तीच्या बिरोबापाशी, नामाजीच्या अंगणासमोरच, लिंबाच्या फांदीला लटकते. पोरं मला दगड मारतात, मी वाजत नाही. चिमण्यांनी आत काड्या भरल्या आहेत. कुणी विचारत नाही, आणि खरं सांगू, मला आता त्याचं दुःखही नाही. नामाजी त्या दिवसापासून डोळे उघडे ठेवून बसतो. राधिका शाळेत जाते.

परवाच्या पुरात एक गोष्ट झाली. कयाधू दोन्ही थड्या भरून चालली होती. सगळे अंगणात बसले होते, सिंधूबाई डाळ निवडत होती. आता तर तिला ढोलही ऐकू येत नाही. अचानक तिनं मान वर केली आणि नदीकडं बघत हसली.

"कोनाची घंटी हो ही? किती गोड वाजून राहिली!"

राधिकाला काही ऐकू आलं नाही. शिवहारला नाही, आशाला नाही. सिंधूबाईनं सूप खाली ठेवलं आणि ती उठायला लागली. नामाजीनं फांदीवर माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं.  तो जवळ गेला आणि तिचं मनगट धरलं, घट्ट, चारचौघांत, जन्मात कधी धरलं नव्हतं तसं. दुसरं मनगट राधिकानं धरलं. दिवेलागणीपर्यंत ती दोघं तिला धरून बसली होती.

मित्रांनो, लेकरू असो की म्हातारं माणूस, पाण्याजवळ गेलात तर माझ्यासारखीच्या भरवशावर राहू नका. "हाय, इथंच हाय" म्हणू नका. मान वळवा, बघा आणि हात धरा. नदी अजून उतरलेली नाही.