पक्ष्याखालचा पक्षी

थोरल्याने लोखंडी पट्टी उचलली आणि धाकट्याच्या तोंडावर आडवी हाणली. धाकट्याचा दात उडून थेट लेझर मशीनच्या खाली गेला. माई दाराशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "डोळा सांभाळ रे. डोळा गेला तर काम कोण करील, तुझा बाप?" बाप कधीच वर गेला होता. मागे उरल्या होत्या माई, हे लेझरनं लाकूड कापायचं दुकान आणि दोन मुलगे. घरात न्याय व्हायचा तो असाच. हुकूम माईंचा, हात थोरल्याचा.

दुकानात अजून धूर कोंडला होता. एका मोठ्या सभागृहासाठी प्लायवूडची जाळी कापायची होती, पक्ष्यापक्ष्यांची. चित्र थोरल्यानं कॉम्प्युटरवर काढलं, मशीन धाकट्यानं लावलं, आणि निम्मी फळी कापून होते न होते तोच भडका उडाला. मशीनची नळी फुटली, आरसे तडकले.

"दादा, मशीनचा वेग नेहमीचाच होता, ताकदही नेहमीचीच," धाकटा रक्त थुंकत म्हणाला. "तू दिलंस तेच कापलं मी."

"म्हणजे माझ्या चित्राला आग लागली? काडी ओढली होती का मी त्याला?" थोरल्यानं त्याची मान धरली आणि कपाळ टेबलावर दोनदा आपटलं. "माई, आज सोक्षमोक्ष लाव. या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी."

माईंनी घोटभर पाणी प्यायचाही वेळ घेतला नाही. "तुझे कपडे उचल," त्या धाकट्याला म्हणाल्या. "नाचता येईना आणि म्हणे अंगण वाकडं! जाळायचं स्वतः आणि खापर भावावर?"

"माई," कोपऱ्यातून थोरल्याची बायको बोलली. ती कॉम्प्युटरसमोर बसली होती. "एकदा चित्र बघता का?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही. नुसता एक पक्षी धरून बाजूला ओढायचा."

"हात लावू नकोस त्याला!" थोरला ओरडला.

माईंनी मान वळवली. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. लहानपणी काही फोडून आलं की पोरगं अस्संच ओरडायचं.

"सर गं," त्या सुनेला म्हणाल्या. "मीच ओढते."

सुनेनं त्यांची बोटं माउसवर ठेवून दिली. माईंनी पक्षी दाबून धरला आणि सरकवला. पक्षी सरकला. त्याच्या जागी दुसरा तसाच बसलेला, चोचीखाली चोच, पंखाखाली पंख. माईंनी शेजारचा ओढला. त्याच्याखालीही दुसरा.

"हे कुठून आले?"

"नक्कल केली की ती आधी मूळच्याच अंगावर बसते, माई. मग ती उचलून बाजूला ठेवायची. यांनी दुसऱ्या फळीसाठी सगळ्याची नक्कल केली आणि सरकवायची विसरले. आपल्याला एकच दिसतो, मशीन दोन्ही कापतं. जळक्या चिरेवरून पुन्हा आग फिरली, पेटेल नाहीतर काय!"

बोलणं संपायच्या आत थोरल्यानं तिचा अंबाडा मुठीत धरला आणि तिचं डोकं भिंतीवर आदळलं. कानामागून रक्ताची धार लागली. पुन्हा आदळणार, तोच माईंनी स्टूल उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर घातलं. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. थोरला कळवळून खाली बसला.

"बोंबलू नकोस," माई धापा टाकत म्हणाल्या, "दुसरा हात अजून शाबूत आहे."

मग त्या धाकट्याकडे वळल्या. "जा, तोंड धुऊन ये. वहिनीला डॉक्टरकडे ने. चूक तुझी नव्हती."

धाकटा शर्टाच्या बाहीनं ओठ पुसत होता. "मघाशीही नव्हती," तो म्हणाला.

त्यानं खुंटीवरची पिशवी घेतली. वहिनीच्या कानावर फडकं दाबून तिला उठवलं. "चला वहिनी, डॉक्टरकडे. तिथून तुम्हाला माहेरी पोचवतो. मी काही परत यायचा नाही."

"कुठं जायचं नाही!" माईंनी दारात आडवं होऊन त्याच्या मुस्काटात भडकावली. त्यानं मान फिरवली नाही. दुसरी बसली, तिसरी बसली. विनवणी कशी करतात ते माईंना ठाऊकच नव्हतं, आणि आत्ता कोणाला विचारणार? त्या मारत राहिल्या. हात भरून आला, खाली पडला, तेव्हा त्यानं त्यांना खांद्याला धरून अलगद बाजूला केलं आणि वहिनीला घेऊन जिना उतरला.