बिनमिठाचे टोमॅटो

सासऱ्यांनी वाटी ढकलली, ती थेट त्यांना भरवायला ठेवलेल्या मावशींच्या मांडीवर उपडी झाली.

"हे काय अन्न आहे? भिंतीला लावायची खळ आहे," ते म्हणाले. "सूनबाईला बोलवा."

डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून रोजचं हेच. सूनबाई समोर बसून चुचकारून भरवे, तेव्हा कुठे चार घास पोटात जात. दुसऱ्या कुणाच्या हातून नाही. त्या चार घासांपायी तिचं चष्म्याच्या दुकानातलं भिंगं घासायचं काम सुटलं होतं. भिंगं पुसायचा पिवळा फडका मात्र तिने धुऊन, घडी करून कपाटात जपला होता. आता मालकाचा निरोप आला होता : सोमवारपासून या, नाहीतर दुसरं माणूस बघतो. नवरा म्हणाला, "बाबा मावशींच्या हातून जेवले तर खुशाल जा."

तिची सगळी भिस्त मागच्या अंगणातल्या टोमॅटोंवर होती. मीठ नाही, तर चवच अशी हवी की मिठाची आठवण होऊ नये. पानांच्या बेचक्यात फुटणारे कोंब ती वेळच्या वेळी खुडत होती. फळांवर रंग चढू लागल्यापासून पाणीही तिने जवळजवळ तोडलं होतं.

"अहो, झाडांनी माना टाकल्यात," मावशी कळवळल्या. "तांब्याभर ओतू का?"

"नको. आता पाणी दिलं की फळ फुगतं आणि चव पाणचट होते. लागू दे थोडी तहान."

"काळीज दगडाचं आहे बाई तुमचं."

"दगडाचं असतं तर केव्हाच दुकानात गेले असते."

रविवारी एक टोमॅटो देठापर्यंत लाल झाला. उन्हाने कोमट असतानाच तिने तो चिरला, भाताशेजारी बशीत मांडून मावशींच्या हाती दिला आणि स्वतः दाराआड उभी राहिली.

पहिली फोड सासऱ्यांनी संशयाने तोंडात घेतली. जबडा हलायचा थांबला. दुसरी फोड त्यांनी स्वतःच उचलली. हनुवटीवर ओघळलेला रस बोटाने पुसून चाटला. बघता बघता भातही संपला.

दाराआड तिने मनातल्या मनात उद्याचा डबा भरून टाकला.

संध्याकाळी नवरा वडिलांजवळ टेकला. "बाबा, पोटभर जेवलात म्हणे?"

"जेवणारच. बाजारात मिळतं का असलं? हिला कुठे पाठवू नकोस रे. ही गेली की ती झाडंही गेली."

नवरा हसतच स्वयंपाकघरात आला. "जिंकलंस तू. बाबा मार्गाला लागले. आता बसलेली घडी कशाला मोडायची?"

"ते मावशींच्या हातून जेवले. तूच म्हणाला होतास."

"मावशींनी नुसती बशी धरली गं. करणं सगळं तुझंच. मावशी, उद्यापासून नाही आलात तरी चालेल."

मावशींनी पिशवी उचलली. दारात त्या थबकल्या. "फारच गोड पिकवलंत हो," म्हणाल्या आणि गेल्या.

तिने कपाटातून फडका काढला आणि ती अंगणात आली. टोमॅटोची एक फांदी कुंपणाच्या जाळीतून रस्त्याकडे गेली होती. टोकाला दोन फुलं होती. फुलं गळू नयेत अशा बेताने तिने फांदी आत ओढली, फडक्याची पट्टी फाडली आणि फांदी काठीला बांधली.

"सूनबाई, अजून एखादा आहे का गं?" आतून हाक आली.

"आहेत," ती म्हणाली. "पिकायचेत अजून."