वर राहिलेला बिंदू

आमच्या घरात एकच विषय बंद आहे. राजकारण, सासू, माझी गाडी चालवण्याची पद्धत, काहीही चालतं. फक्त मोजमापाबद्दल बोलायचं नाही. मी आणि माझा नवरा तोरबेन एकाच यंत्रावर काम करतो, पण दोन वेगळ्या प्रयोगांत. जमिनीखाली शंभर मीटरवर सत्तावीस किलोमीटरचं एक कडं आहे. ते आमच्या भागातल्या गावांखालूनच जातं. त्यात प्रोटॉन दोन विरुद्ध दिशांनी धावतात आणि चार ठिकाणी एकमेकांवर आदळतात. त्यांतल्या एका ठिकाणी मी बघते, आणि कड्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला तो. निकाल जाहीर होईपर्यंत एका प्रयोगाने दुसऱ्याला आकडा सांगायचा नाही, असा इथला रिवाज आहे. बाकीच्यांना तो पाळणं सोपं जातं, कारण संध्याकाळी ते वेगवेगळ्या घरी जातात.

शेजारच्या मादाम जोस्राँना हे काही पटत नाही. ‘‘अहो, नवरा-बायको ना तुम्ही? मग जेवताना बोलता तरी काय, हवामान?’’ असं त्यांनी मला एकदा कुंपणावरून विचारलं होतं. मी म्हटलं, तो डॅनिश आहे, हवामानावर दोन तास बोलू शकतो.

आम्ही दोघंही मोजतो ते प्रबल बल, म्हणजे प्रोटॉनच्या पोटातल्या क्वार्कना बांधून ठेवणारं. त्याचा स्वभाव जगावेगळा आहे. क्वार्कना एकमेकांपासून ओढायला जावं तर ते सोडत नाही, आणि अगदी जवळ जाऊन पाहावं तर सैल पडतं. किती जवळ गेल्यावर किती सैल पडेल, हे माझ्या जन्माआधी काही माणसांनी कागदावर मांडून ठेवलंय. इतक्या जवळून पाहायचं तर प्रोटॉन फार जोरात आपटावे लागतात. टकरीतून क्वार्क एकटा कधीच हाती लागत नाही. त्याच्या दिशेने कणांचा फवारा सुटतो. बहुतेक वेळा दोन फवारे समोरासमोर निघतात, आणि क्वचित तिसरा. तो तिसरा कितीदा निघतो, यावरून बल किती ते कळतं. वीस वर्षं हेच करतेय, आणि अजूनही तीन फवाऱ्यांचं चित्र पडद्यावर आलं की मी चहा प्यायला विसरते.

त्या वर्षी मी सहा वर्षांच्या टकरी मोजून आलेख काढला. ऊर्जेप्रमाणे टकरींचे बावीस गठ्ठे केले होते, प्रत्येक गठ्ठ्याचा एक बिंदू. एकवीस सिद्धान्ताच्या रेषेवर मुकाट्याने बसले. शेवटचा, सगळ्यांत जास्त ऊर्जेचा, रेषेच्या चांगलाच वर राहिला. म्हणजे बल जितकं सैल पडायला हवं तितकं पडत नव्हतं. हे खरं असेल, तर आजवर कोणी न पाहिलेले जड कण तिथे दडून बसले होते. खोटं असेल, तर चूक माझी होती. यातलं कुठलं, ते मला सांगता येत नव्हतं.

आमच्या गटाचा प्रमुख रुज्जेरो याला शंकाच नव्हती. उन्हाळी परिषद तीन आठवड्यांवर आली होती आणि त्याने तिथे माझं नावही देऊन टाकलं होतं. मी पुन्हा तपासते म्हटलं तर वैतागला. ‘‘अगं, लोक रेषेवरचे बिंदू काढत म्हातारे होतात. तुला एक वर सापडलाय, तर तू त्याला दटावत बसली आहेस.’’

मी सगळं दोनदा तपासलं. बिंदू हलला नाही. तोंडाची चव गेली, झोप गेली. आणि ज्याच्याकडे तेच मोजमाप तयार होतं, तो माणूस रोज माझ्यासमोर बसून शांतपणे बटाटे सोलायचा. एका संध्याकाळी मला राहवेना.

‘‘एकच गोष्ट विचारते,’’ मी म्हटलं. ‘‘हो किंवा नाही, एवढंच म्हण.’’

त्याने सुरी खाली ठेवली. ‘‘नको विचारूस, देस्पिना.’’

‘‘अजून विचारलंच नाहीये.’’

‘‘म्हणूनच सांगतोय.’’

आणि तो उठून परसात घेवड्याला पाणी घालायला गेला. मी ओट्याला टेकून रडले. खिडकी उघडी होती, त्याला ऐकू येत होतं, हे मला माहीत होतं. त्यानंतर चार दिवस मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. दगडाशी संसार मांडलाय, असं आईला फोनवर सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी आलेख बाजूला सारला आणि एकेक टक्कर चित्रात बघायला घेतली, शिकाऊ असताना बघायचे तशी. फवाऱ्यांची ऊर्जा मोजायला आमच्याकडे जाड पोलादी भिंत आहे. कण तिच्यात शिरतात आणि जिरून जातात. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की त्या बिंदूच्या गठ्ठ्यापेक्षा जरा कमी ऊर्जेच्या गठ्ठ्यात, दोन फवाऱ्यांच्या चित्रांत, भिंतीच्या पलीकडेही ठिपके उमटलेत. तिथे काही पोचायलाच नको होतं. ऊर्जा दोनच फवाऱ्यांत असली की प्रत्येक फवारा इतका जोरकस असतो की त्यातलं थोडं भिंतीतून आरपार निसटतं. मग ती टक्कर आहे त्यापेक्षा कमजोर दिसते आणि खालच्या गठ्ठ्यात पडते. तीन फवाऱ्यांत ऊर्जा वाटली गेली की ती भिंतीतच राहते. म्हणून सगळ्यांत वरच्या गठ्ठ्यात तीनवाले जास्त उरले होते. आम्ही आकड्यांत या गळतीची दुरुस्ती लावली होती, पण ती कमी ऊर्जेच्या फवाऱ्यांवरून काढून तशीच वर ताणलेली होती.

नवी दुरुस्ती काढायला नऊ दिवस लागले. रुज्जेरो पहिले दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, मग स्वतःच मदतीला बसला. दहाव्या दिवशी मी गणित चालवलं आणि बिंदू खाली आला, थेट रेषेवर.

मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलंही, घटकाभर. मग अंगावर काटा आला. कुणीतरी कागद-पेन्सिलीने लिहिलं होतं की इतक्या आत बल एवढंच असेल. ते लिहिताना हे कडं नव्हतं, ही भिंत नव्हती, मी नव्हते. आणि ते तेवढंच होतं. मी खुर्चीत हात जोडल्यासारखी बसून राहिले.

परिषद इटलीत, त्रिएस्तेला होती. आधी मी बोलले, मग तोरबेन. त्याचा आलेख पडद्यावर आला. दुसरा प्रयोग, दुसरी भिंत, दुसरी माणसं, आणि शेवटचा बिंदू माझ्या बिंदूवर जाऊन बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने खालची एक बारीक ओळ वाचली: भिंतीपलीकडच्या गळतीची नवी दुरुस्ती, गेल्या ऑक्टोबरपासून.

आता जुलै होता. मी त्याला बाहेर जिन्यावर गाठलं.

‘‘ऑक्टोबरपासून तुला ठाऊक होतं.’’

‘‘आमच्याकडची गळती ठाऊक होती. आमचाही बिंदू आधी वरच होता.’’

‘‘आणि मी रडत होते तेव्हा तू घेवड्याला पाणी घालत होतास.’’

‘‘तुझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं की तुझाही वर आहे. मी बोललो असतो तर तू नेमकी तीच चूक शोधली असतीस आणि बिंदू खाली बसला की थांबली असतीस. मग माझंच मोजमाप दोनदा झालं असतं.’’

‘‘एवढी खात्री होती तुला स्वतःच्या दुरुस्तीची?’’

‘‘नव्हती,’’ तो म्हणाला. ‘‘तेच तर. तुझा चेहरा बघून मला वाटायला लागलं की तुझाच बिंदू खरा आहे आणि मी माझा उगाच खाली ओढलाय. तसं असेल तर जगात ते सांगणारी तू एकटीच उरली होतीस. तुला मी कसा हात लावू?’’