खांद्यावरचं रफू

“हा शर्ट रफू कुणी केला?”

सिनेमाचे कपडे सांभाळणाऱ्या नागराजने शर्ट उन्हात धरला होता. अग्रहारातल्या, जुन्या ब्राह्मणवस्तीतल्या, एका घरापुढे कॅमेरा लागला होता, नट बनियनवर ताटकळत होता. काल चित्रित केलेल्या मारामारीत फाटलेला शर्टाचा खांदा आज तस्साच फाटका दिसायला हवा होता.

त्याच्या हाताखालच्या सिद्दम्माने शर्टाकडे पाहिलं, मग डबा घेऊन आलेल्या अंबूताईंकडे. अंबूताईंनी डबा खाली ठेवला.

शिवणवर्गाच्या बाई म्हणून वीस वर्षं काढलेल्या अंबूताई दोन वर्षं या भाच्याच्या, नागराजच्या, मागे लागल्या होत्या. “तुझ्या सिनेमाच्या कपड्यांना माझ्या मुलींचे हात का चालत नाहीत रे?” वर्गातल्या चौघी मुली वरुणा, पिरियापट्टण या गावांकडच्या, मजुरांच्या घरच्या. “अय्यो आत्या, तिथे सगळे ओळखीतले,” नागराज टाळायचा. अखेर त्याने एकीला घेतलं. सिद्दम्मा, तंबाखूची पानं बांधणाऱ्या बाईची मुलगी. ही टिकली तर उरलेल्या तिघींचंही बघू, असं तो म्हणाला होता.

काल तिची बस चुकली, म्हणून कपड्यांची पिशवी घेऊन ती अंबूताईंकडे मुक्कामाला आली. सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा अंबूताईंना पिशवीतला फाटका खांदा दिसला. त्यांच्या शिंप्याच्या घरातून फाटका कपडा कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. त्यांनी शर्टाच्याच आतल्या शिवणीतले धागे ओढून वीण भरली, घडी घातली, पिशवीत ठेवला. पोरीला पहिल्याच आठवड्यात कुणी नावं ठेवू नयेत, एवढंच मनात होतं. सांगायचं राहूनच गेलं.

“मी केला, सार,” सिद्दम्मा म्हणाली.

“काल कॅमेऱ्यात जवळून घेतलाय तो खांदा!” दिग्दर्शक ओरडला. “कुठून आणता असली माणसं?”

नागराज रफू उसवायला बसला. धागे कापडात असे मुरले होते की भरलेलं कुठलं, मूळचं कुठलं, कळेना. शेवटी त्याने खांदा ओढून फाडला. फट भलतीकडेच गेली.

“हिला घरी पाठवा,” दिग्दर्शक म्हणाला.

“अहो, मी केलं ते! मी!” अंबूताई पुढे झाल्या.

नागराजने त्यांना बाजूला घेतलं. “ठाऊक आहे, आत्या. रफू तुमच्याकडेच शिकलो, तुमचा हात ओळखणार नाही होय? पण तुम्हाला कुठून काढू? तुम्ही इथे कामाला कुठे आहात?”

अंबूताईंनी सिद्दम्माला रस्त्यात गाठलं. “खोटं का बोललीस गं?”

“सुम्ने इरी अम्मा, गप्प राहा,” वर्गात शिकलेल्या मराठीत ती म्हणाली. “शिकवणारीच चुकली म्हटलं, तर त्या तिघींना कोण घेणार?” ती चालायला लागली. “तसंही पानांचा हंगाम आहे. आईला हात पाहिजे.”

पिरियापट्टणची बस लागलेली होती. अंबूताई दिसतील अशा खिडकीशी ती बसली नाही.

सोमवारी अंबूताईंनी वर्गात एक कोरा शर्ट आणला. तिघी बघत असताना त्यांनी खांद्याशी धरून तो टर्रकन फाडला. चांगलं कापड त्यांच्या हातून पहिल्यांदाच असं गेलं होतं.

“मोजा,” त्या म्हणाल्या. “कॉलरपासून किती, धागे किती लोंबतायत, सगळं लिहा. उद्या फाटलेलं एवढंच, इथेच दिसलं पाहिजे.”

दोघींनी टेप घेतली. तिसरीने सवयीने सुईत दोरा ओवला होता. अंबूताईंनी तो ओढून काढला, आणि बराच वेळ बोटाला गुंडाळत राहिल्या.