पायपुसणं

आमच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या माणसाने सकाळी उठलं की पायपुसणं दाराबाहेर टाकायचं आणि झोपताना आत घ्यायचं, असा नियम आहे. नियम सिस्टरनी केला. सिस्टर म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्स. तळमजल्यावरचे एक पेन्शनर घरात मरून पडले आणि वास सुटेपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही, तेव्हा त्यांनी आम्हा एकट्यांना जिन्यात उभं करून हे ठरवलं. सकाळी दूध आणायला उतरताना त्या दारं बघत जाणार. पायपुसणं बाहेर असलं तर माणूस उठला. नसलं तर दार वाजवायचं.

मी तेव्हा भांडले होते. "जिवंत आहोत म्हणून रोज हजेरी लावायची का?"

"हजेरी नको," सिस्टर म्हणाल्या. "पायपुसणं टाका फक्त."

त्यांच्याशी भांडण्यात काही मजा नसायची.

पुढे कुणी मुलाकडे गेलं, कुणी देवाघरी गेलं. एकटे असे आम्ही तिघंच उरलो. वर सिस्टर, दुसऱ्या मजल्यावर मी आणि पहिल्यावर कुलूपवाले. कुलूपवाल्यांचं रस्त्याला लागून किल्ल्या बनवायचं दुकान आहे. माणूस इतका टापटिपीचा की दुकानातल्या किल्ल्यासुद्धा उंचीप्रमाणे रांगेत टांगलेल्या.

मी बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. इमारतीत माझ्या पाठीमागे मला चौकशीबाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे. नोकरीभर लोक वाकून वाकून विचारत आले, अमुक गाडी लागली का, तमुक गाडी सुटली का. बाई तुम्ही कशा आहात, हे काही कुणी विचारलं नाही. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, त्यांना गाडी गाठायची असायची. आता भाचा फोन करतो, तोही गाडी चालवताना. सिग्नल सुटला की माझं बोलणंही तिथेच सुटतं.

तर नियमाला नावं ठेवणारी मी, रोज सकाळी पायपुसणं टाकायची आणि दार लावून दारामागे कानोसा घेत उभी राहायची. सिस्टरच्या चपला वरून यायच्या, एक पाय जरा घासत. माझ्या दाराशी थांबायच्या. मग पायाने त्या पायपुसणं सरळ करायच्या. खालचं रबर फरशीवर घासून खर्र आवाज यायचा. पायपुसणं मी मुद्दामच वाकडं टाकत असे. थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही, मग चपला खाली निघून जायच्या. मी चहा ठेवायला जायची. त्यानंतर दिवसभर माझ्या दारात काही घडायचं नाही.

दार का उघडत नव्हते? उघडून बोलायचं काय? 'अगंबाई, तुम्ही होय!' असं रोज थोडंच म्हणता येतं. आणि त्या 'घाईत आहे' म्हणाल्या असत्या तर? खिडकीत बसून मी हेच वाक्य लोकांना इतक्यांदा सुनावलं होतं की ते उलटून ऐकायची माझी तयारी नव्हती.

एका संध्याकाळी औषधाच्या दुकानात गोळीचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. दुकानदाराने पाणी पुढे केलं. मग लक्षात आलं की आदल्या दिवसापासून मी एक शब्द बोलले नव्हते. घरी आले आणि ठरवलं, उद्या पायपुसणं टाकायचं नाही. बघू या कुणी दार वाजवतं का.

सकाळी लवकर उठले, केस विंचरले, बरी साडी नेसले. ओट्यावर दोन कप मांडले. दोन कपांचं पाणी गॅसवर ठेवलं आणि दारामागे जाऊन उभी राहिले.

कुणी आलं नाही. मध्ये पाणी उतू जातंय वाटून मी ओट्याशी पळाले होते. तेवढ्यात त्या उतरून गेल्या असणार. म्हणजे रिकामी फरशी बघून, न बघितल्यासारखं करून गेल्या. पाणी आटलं, भांडं करपायला आलं. माझं डोकं मात्र तापतच गेलं. नर्सच ती, मेलेली माणसं बघून निर्ढावलेली असणार. उन्हं मोरीपर्यंत आली तेव्हा मला राहवेना. कुणाला तरी धारेवर धरल्याशिवाय घास उतरला नसता. सिस्टर हाताशी नव्हत्या म्हणून खाली कुलूपवाल्यांच्या दुकानात गेले.

ते कानशीने किल्ली घासत होते. मला बघून त्यांचा हात थांबला.

"बाई, तुम्ही बऱ्या आहात? मग सिस्टर कुठं आहेत?"

"मला काय विचारता? दुधाला गेल्या असतील."

"नाही गेल्या. सकाळी माझ्या दारावरून कुणी उतरलं नाही. मला वाटलं, तुमचंच काहीतरी बिनसलं असणार, म्हणून त्या तुमच्याकडं थांबल्यात."

"आणि तुम्ही खुशाल किल्ल्या घासत बसलात?"

"सिस्टर आहेत म्हटल्यावर मी निर्धास्त होतो," ते हळूच म्हणाले.

आम्ही दोघंही वर धावलो. जिना चढताना माझ्या लक्षात आलं की सिस्टरच्या दाराबाहेर पायपुसणं मी कधी बघितलंच नव्हतं. टाकून उपयोग काय? सगळ्यांची दारं बघणाऱ्या बाईचं दार बघायला वरून येणार कोण, वर नुसती पाण्याची टाकी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हाक मारली तर आतून उत्तर नाही. पुन्हा हाक मारली तेव्हा स्टीलचं टमरेल फरशीवर आपटल्याचा बारीक आवाज आला. कुलूपवाले हत्यारं घेऊन आले. एरवी चुटकीसरशी कुलूप उघडणारा माणूस, पण त्यांच्या हातातली तार दोनदा खाली पडली.

सिस्टर मोरीच्या उंबऱ्यावर आडव्या पडल्या होत्या. पाय भलतीकडेच वळला होता. ओठ कोरडे पडले होते. माझ्याकडे बघून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

"कुलूपवाल्यांचं पायपुसणं बाहेर आहे का?"

"ते इथेच आहेत," मी म्हणाले.

"आणि तुमचं?"

"बाहेर आहे."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मला रडू फुटलं, ते ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ सोडला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा दूर राहणारी पुतणी सामान आवरत होती, ती त्यांना आपल्या घरी नेणार होती. मला सांगायचं पुष्कळ होतं. मी म्हणाले, "लवकर बऱ्या व्हा." त्या म्हणाल्या, "दारं बघत जा." सिस्टर पुन्हा काही आल्या नाहीत. त्यांच्या खोलीला कुलूप लागलं.

तेव्हापासून सकाळी मी बघते. खरं तर बघायला एकच दार आहे, तरी मी आधी वर चढते, सिस्टरच्या कुलपाला हात लावते आणि मग उतरायला लागते. पहिल्या मजल्यावर पायपुसणं दिसलं की दूध घ्यायला जाते. असे बरेच दिवस गेले. माझ्या स्वतःच्या दाराशी कुणी थांबेना, त्यामुळे रोजची सकाळ मला खायला उठायची.

एके दिवशी कुलूपवाल्यांचं पायपुसणं वाकडं पडलेलं होतं. दुसऱ्या दिवशीही. किल्ल्या रांगेत टांगणारा माणूस, त्याचं पायपुसणं वाकडं कसं? मी पायाने सरळ केलं. खर्र आवाज झाला. सहज माझी नजर खाली गेली.

आमच्या खोल्यांच्या खिडक्या उगवतीला आहेत आणि जिन्यात अंधार असतो. त्यामुळे दाराखालच्या फटीतून उन्हाची पट्टी बाहेर येते. त्या पट्टीत दोन पावलांची सावली होती. दाराला अगदी चिकटून, न हलणारी.

म्हणजे माझी पावलं सिस्टरना रोज दिसत होती. बाहेर त्या थांबलेल्या, आत मी थांबलेली, मध्ये फळीएवढं दार. मी त्यांच्या वाजवण्याची वाट बघत होते. त्या माझ्या उघडण्याची बघत असाव्यात.

मी दार वाजवलं.

"पायपुसणं बाहेर आहे, बाई," आतून आवाज आला.

"दिसतंय," मी म्हणाले. "पायही दिसतायत. दार उघडा."